द्यूताचे थेट प्रक्षेपण आणि सेकंदांचे अर्थशास्त्र

ऑनलाइन कॅसिनोच्या व्यवहारात अलीकडे एका नव्या 'ग्राहकहिता'चा जन्म झाला आहे. कोणत्या कॅसिनोचे थेट प्रक्षेपण अधिक स्वच्छ दिसते, कोठे चित्र अडकते, डीलरने उलटलेला पत्ता खेळणाऱ्याच्या मोबाइलवर किती विलंबाने पोचतो, याची तपशीलवार तुलना होते. आणि ज्याचा विलंब कमी तो कॅसिनो विश्वासार्ह, असा निर्वाळा दिला जातो. कौरवांच्या द्यूतसभेतही फासे सर्वांना स्पष्ट दिसत होते आणि निकाल कळण्यास क्षणाचाही विलंब लागत नव्हता. तेवढ्याने ते द्यूत न्याय्य ठरले नाही.

हा धंदा कसा चालतो हे कार्यकर्त्यांनी प्रथम समजून घेतले पाहिजे. लॅटव्हियातील रिगा किंवा जॉर्जियातील तिबिलिसी अशा शहरांत मोठमोठे स्टुडिओ उभारलेले आहेत. तेथे खऱ्या टेबलापाशी खरा डीलर, बहुधा तरुण स्त्री, पत्ते वाटते किंवा रुलेटचे चक्र फिरवते. कॅमेरे ते दृश्य टिपतात, यंत्रे पत्त्याची वा आकड्याची नोंद करतात आणि सर्व्हरमार्गे ते सारे जगभरच्या मोबाइलवर जाते. क्रिकेटच्या सामन्याचे इंटरनेटवरील प्रक्षेपण पुष्कळदा कित्येक सेकंद मागे असते आणि शेजारच्या घरातील आरोळी आधी ऐकू येते. कॅसिनोने मात्र हा विलंब एक-दोन सेकंदांच्या आसपास आणून ठेवला आहे. नेटवर्क मंदावले तर चित्राचा दर्जा आपोआप उतरतो. पण शक्यतो खेळ थांबू दिला जात नाही.

एवढा खर्च कशासाठी? खेळणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी म्हणून नव्हे. उरलेल्या विलंबाचा भार कोणावर पडतो, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. पैज लावण्याची मुदत कंपनीच्या सर्व्हरच्या घड्याळाने संपते, खेळणाऱ्याच्या पडद्यावरील चित्राने नव्हे. ज्याचे नेटवर्क दुबळे, त्याच्या हाती विचार करण्यास तेवढे कमी क्षण उरतात. मध्येच जोडणी तुटली तरी स्वीकारलेली पैज कायम राहते आणि डाव त्याच्या अपरोक्ष पुरा होतो. उलट, कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला तर पैजा आणि देणी दोन्ही रद्द, असे कलम अशा करारांत सर्रास आढळते. म्हणजे खेळणाऱ्याचा बिघाड हा खेळणाऱ्याचा तोटा आणि कंपनीचा बिघाड हाही जिंकलेल्या खेळणाऱ्याचाच तोटा! या एकतर्फी कराराला 'सेवा' हे नाव देणे ही भाषेची विटंबना आहे.

परंतु मूळ मुद्दा याहून खोल आहे. उद्या चित्र आरशासारखे स्वच्छ झाले आणि विलंब शून्यावर आला, तरी गणित बदलत नाही. युरोपीय रुलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात; एका आकड्यावर जिंकणाऱ्यास पैजेच्या ३५ पट मिळतात. या फरकातून प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २.७० रुपये कॅसिनोकडे जातात. बॅकरॅटमध्ये 'प्लेअर'वरील पैजेत हे प्रमाण १.२४ टक्के आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो आणि तसा तो वाटावा अशीच योजना आहे. खरी किल्ली वेगात आहे. नेहमीचा बॅकरॅटचा डाव सुमारे ४८ सेकंदांचा असतो. जलद प्रकारात तो सुमारे २७ सेकंदांवर आणलेला आहे. प्रत्येक डावास १०० रुपये लावणारा मनुष्य पहिल्या प्रकारात तासाला ७५ डाव खेळतो आणि सरासरी ९३ रुपये गमावतो. दुसऱ्या प्रकारात तोच मनुष्य १३३ डाव खेळतो आणि सुमारे १६५ रुपये गमावतो. पत्ते तेच, नियम तेच, टक्केवारीही तीच. केवळ सेकंद कमी झाले. चित्र जर दहा सेकंद मागे राहिले, तर २७ सेकंदांचा डाव चालणेच अशक्य होईल. प्रक्षेपणाची गती हा खेळणाऱ्याला दिलेला लाभ नसून त्याच्या खिशाला लावलेल्या पंपाचा वेग आहे.

मार्क्सने 'भांडवल'च्या दुसऱ्या खंडात भांडवलाच्या आवर्तनकाळाची चिकित्सा केली. आवर्तन जितके जलद, तितका तेवढ्याच भांडवलावर वर्षभरात मिळणारा नफा अधिक. गिरणीत निदान कापड तरी निघत होते. येथे उत्पादन काहीच नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणाऱ्या पैशाचे आवर्तन तेवढे आहे.

मुंबईच्या गिरणगावाला हा इतिहास नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांवर आकडा लावला जाई. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते काढून मटका चालू ठेवण्यात आला. त्या मटक्याने असंख्य कामगारांचे पगार गिळले, हे खरेच. पण त्यात 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्यामध्ये काही तास जात. त्या तासांत घरी जाता येत होते, बायको जाब विचारू शकत होती, शेजारी हटकू शकत होता. विलंब हे माणसाचे शेवटचे संरक्षण होते. नव्या तंत्राने नेमके तेच काढून घेतले असून, मटक्याचा अड्डा रात्रंदिवस खिशात आणून ठेवला आहे. टेबलावर अंदर-बाहर आणि तीनपत्ती हे आपलेच खेळ मांडले जातात, ते येथील कोणत्या खिशांवर डोळा ठेवून, हे सांगावयास नको.

पडद्याच्या दुसऱ्या बाजूस कोण उभे आहे, याचाही विसर पडता कामा नये. जुलै २०२४ मध्ये तिबिलिसी येथे एव्होल्यूशन या स्वीडिश कंपनीच्या स्टुडिओतील कामगारांनी पगारवाढ आणि माणुसकीची वागणूक यांसाठी संप केला. काहींनी उपोषणही केले. या कंपनीचे २०२३ मधील उत्पन्न सुमारे १.८ अब्ज युरो होते आणि व्याज, कर व घसारा वजा जाण्यापूर्वीचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ७० टक्के होता. संपानंतर कंपनीने जॉर्जियातील कामकाज कमी केले आणि इतर देशांतील स्टुडिओंवर भर दिला. ज्या तंत्राने पत्ता क्षणार्धात जगभर पोचतो, त्याच तंत्राने कामही संपकऱ्यांच्या हातून काढून दुसऱ्या देशात नेता येते. सेकंदासेकंदाला हसतमुख राहून पत्ते वाटणारी ती मुलगी आणि रात्री दोन वाजता कर्ज काढून पैज लावणारा येथील तरुण, हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. दोघांचीही पिळवणूक एकाच घड्याळाने होते.

यावर असे म्हटले जाईल की, आता कायदा झाला आहे, मग वाद कशाला? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आणि खेळणाऱ्यास गुन्हेगार ठरविले नाही. हे योग्यच झाले. तथापि, ज्यांचे स्टुडिओ आणि सर्व्हर परदेशात आहेत, त्यांना कागदावरील कैदेचे भय कितपत असणार? शिवाय शासनाची नीती स्वतःच दुभंगलेली आहे. महाराष्ट्राने कॅसिनोविषयीचा १९७६ चा कधीच अंमलात न आलेला कायदा २०२३ मध्ये रद्द केला. परंतु १९६९ पासूनची राज्य लॉटरी त्याच शासनाची. शेजारच्या गोव्यात १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले आणि जहाजे जुगाराला मोकळी करून दिली आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे आजही उभी आहेत. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. द्यूताच्या उत्पन्नात वाटेकरी असलेली सत्ता द्यूताशी मनापासून लढेल, ही अपेक्षा भोळी आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच वर्तुळातून येतो. जुगार हा वैयक्तिक नीतीचा प्रश्न आहे, वर्गलढ्याशी त्याचा काय संबंध, असे काही मित्र विचारतात. संबंध असा की, रोजगार नाही, पगार पुरत नाही, तेथे नशीब हाच एकमेव उद्योग उरतो आणि त्या निराशेवर ही कारखानदारी उभी राहते. म्हणून उपदेश पुरेसा नाही. परदेशी कॅसिनोंकडे पैसा ज्या बँक खात्यांतून आणि ॲपमधून वाहतो ते मार्ग बंद करणे, कर्जात अडकलेल्यास गुन्हेगार न मानता उपचार आणि कायदेशीर साहाय्य देणे, आणि गोव्यातील जहाजांना दिलेली सूट मागे घेणे, या मागण्या युवक संघटना आणि कामगार संघटना यांनी आपल्या मानून लढविल्या पाहिजेत. वस्तीवस्तीत जाऊन शंभर रुपयांचा आणि सत्तावीस सेकंदांचा तो हिशेब फळ्यावर मांडून दाखविणे, हे काम तर उद्याच सुरू करता येण्याजोगे आहे.

चित्र स्पष्ट दिसते की नाही, हा कॅसिनोवाल्यांचा प्रश्न आहे. त्या चित्रामागचा हिशेब जनतेला स्पष्ट दिसतो की नाही, हा चळवळीचा प्रश्न आहे.