ग्रंथपालांची विखुरलेली शिदोरी

वाचकाचा वेळ वाचवावा, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांना घालून दिलेला चौथा नियम. तो ग्रंथपालांच्या आपसांतील संवादालाही लागू पडतो. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व अनुदान यांचा आधार दिला. परंतु आडगावच्या एकट्या ग्रंथपालाला सल्ला विचारावा असा व्यवसायबंधू जवळ नव्हता. आज ती उणीव भ्रमणध्वनीने भरून काढली आहे. जीर्ण अंकाला वाळवी लागली, तर उपाय दूरच्या सहकाऱ्याला तत्काळ विचारता येतो. मात्र शुभेच्छांच्या गर्दीत नेमके उत्तर हरवते आणि तोच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. जगाच्या ज्ञानाची सूची करणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव मात्र नोंदीविना सोडावा, हे विपरीतच होय. उत्तरांची विषयवार नोंद राहिली, तरच या संवादाचे चीज होईल.