व्यासपीठावर कोण बसणार?



जिल्हा मेळावा ठरला की पहिला प्रश्न येतो, वक्ता कोण? बाहेरून पुढारी आणायचा, टाळ्या वाजवायच्या आणि गाडी पकडून घरी यायचे. ही सवय मोडल्याशिवाय चळवळ टिकणार नाही. ती कशी मोडते, याचा धडा आपल्याच खानदेशात आहे.

शहादा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आज तो नंदुरबारमध्ये आहे. तिथले अंबरसिंग सुरतवंती भिल्ल समाजातले. भजने म्हणत, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणू लागले. सर्वोदयाच्या कामातून ते घडले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि सारा भाग हादरला. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराचा पगार, मजुरीचा दर आणि हातातून गेलेली जमीन हे तिचे प्रश्न. शिकलेले तरुण शहरांतून मदतीला आले. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर त्यांतलेच.

१९७४ मध्ये अंबरसिंग गेले. एका माणसावर उभी असलेली चळवळ तिथेच बसली असती. ही बसली नाही. गावोगावी तरुण मंडळे होती, शिबिरे होत होती, दारूविरुद्ध बाया स्वतः पुढे आल्या होत्या. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने १९७४ मध्येच केला. पण कायदा कागदावर असतो. सातबारा वाचणारा आणि तहसील कचेरीत न घाबरता बोलणारा माणूस गावातच लागतो.

त्याच मुशीतून वाहरू सोनवणे पुढे आले, कार्यकर्ते आणि कवीही. त्यांची 'स्टेज' ही कविता आपल्यालाही झोंबते. ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, आणि सांगणारे वर. आमच्यासारख्या पदवीधरांनी तर ती आधी वाचावी.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. शहाद्याच्या लढ्यात समोर उभे होते ते बडे शेतकरीच होते. "भावच नाही, तर मजुरी कुठून देऊ?" हा आपला सवाल खरा आहे. पण भाव मागताना मजुरीचा खर्च धरायचा आणि देताना हात आखडायचा, हे न्यायाचे नाही. शिवाय कोरडवाहूवाला स्वतःच पेरणी उरकून दुसऱ्याच्या बांधावर जातो. दोन्ही हिशोब एकाच वहीत मांडायला शिकले पाहिजे.

म्हणून शिबिर म्हणजे भाषणांची माळ नव्हे. तिथे सातबारा आणि फेरफार हातात घेऊन वाचावा. एकरी कापसाचा आणि ज्वारीचा खर्च लिहावा, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरावी. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात. मग १० टक्के ओलाव्याला किती पैसे कापणे रास्त? हे गणित ज्या पोराला किंवा पोरीला काट्याजवळ उभे राहून करता येते, तो किंवा ती आपला पुढारी. खेडा खरेदीतली कट्टीही मग तोच रोखील. सभा वेळेवर सुरू करणे, विरोधकाचे ऐकून घेणे, वर्गणीचा हिशोब सर्वांसमोर वाचणे, हेही शिकावेच लागते.

या मेळाव्यात प्रत्येक तालुक्याने चार नावे द्यावीत. त्यांत दोन बाया हव्यात, कारण निंदणी आणि वेचणी त्यांच्याच हातांवर चालते. एक तरी शेतमजुराच्या घरचा असावा. दोन दिवसांचे शिबिर ज्वारीची कापणी उरकल्यावर, गावच्याच शाळेत, भाकरी घरोघरची. पुढच्या मेळाव्यात पहिले बोलणे या चौघांचे. आम्ही खाली बसून ऐकू.