खिडक्यांचा बाजार आणि विश्वासाचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला, की शहरांतील जुन्या इमारतींमध्ये डागडुजीचे पर्व सुरू होते. ओल धरलेल्या भिंती, फुगलेली दारे आणि गंजून अडकलेल्या खिडक्या यांचा बंदोबस्त दिवाळीपूर्वी व्हावा, अशी प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबई, ठाणे, पुणे येथे उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांत आणि वसाहतींत सागवानी चौकटींच्या अथवा लोखंडी खिडक्या असत. पुढे त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, आणि आता यूपीव्हीसी नावाच्या टणक प्लास्टिकच्या खिडक्याही येत आहेत. साहजिकच, ‘खिडक्या बदलून देणारा कोणी खात्रीचा माणूस आहे का?’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतील मधल्या सुटीत हमखास ऐकू येतो.

प्रश्न घरगुती वाटतो; वस्तुतः तो अर्थशास्त्रातील एका मूलभूत समस्येशी निगडित आहे. शिवाय तो बहुधा चुकीच्या रीतीने विचारला जातो. खात्रीचा माणूस हा जणू कोठे तरी दडलेला आहे आणि पुरेशी चौकशी केली की तो सापडेल, असे आपण गृहीत धरतो. पण सचोटी ही जितकी माणसाच्या स्वभावाची, तितकीच व्यवहाराच्या रचनेचीही बाब आहे. ज्या व्यवहारात चोख काम करणे हेच काम करणाऱ्याच्या हिताचे ठरते, तेथे सामान्य माणूसही चोख वागतो. ज्या व्यवहारात तसे ठरत नाही, तेथे भल्या माणसाचाही तोल ढळतो.

पूर्वीची माणसे प्रामाणिक होती, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तिच्यात तथ्य किती आणि गतकाळाविषयीचे ममत्व किती, हे तपासून पाहिले पाहिजे. आळीतला सुतार खिडकी करी, तेव्हा लाकूड डोळ्यांदेखत कापले जाई. ते साग आहे की जंगली लाकूड, हे जाणत्याला ओळखता येई. शिवाय त्या सुताराला पुढील वर्षी त्याच आळीत पाट, कपाट, पाळणा करावयाचा असे. माल दिसत होता आणि संबंध टिकणारा होता, या दोन गोष्टींवर तो विश्वास उभा होता. आजच्या खिडकीच्या व्यवहारातून नेमक्या या दोन्ही गोष्टी निघून गेल्या आहेत.

प्रथम मालाचा विचार करू. खिडकीचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो. पण तिचा कस चौरस फुटात मावत नाही. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीची जाडी सव्वा मिलिमीटर आहे की दीड, हे रंगाचा थर चढल्यावर नुसत्या नजरेला कळत नाही. यूपीव्हीसीच्या पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी घातली आहे की नाही, हे तर चौकट कापल्याखेरीज समजणे अशक्य. काच चार मिलिमीटरची की पाचची, स्क्रू गंजणारे की स्टेनलेस स्टीलचे, खालच्या खाचेतून पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवली आहेत की नाहीत, चौकट आणि भिंत यांमधील फट नीट भरली आहे की वरवर लिंपली आहे, या प्रश्नांची उत्तरे काम संपले त्या दिवशी मिळत नाहीत. ती जूनमध्ये मिळतात, पश्चिमेकडून पावसाचा पहिला झोडपा आल्यावर; आणि तोपर्यंत सर्व पैसे चुकते झालेले असतात.

ही केवळ भिंत ओली होण्याची गोष्ट नव्हे. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे इतर परिस्थिती समान असतानाही मुंबईतील खिडकीवर पुण्यातील खिडकीच्या सुमारे सव्वापट दाब गृहीत धरावा लागतो. मजला जसजसा वर जाईल, तसतसा हा दाब आणखी वाढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. चौकट भिंतीत किती घट्ट धरली आहे, हा प्रश्न दहाव्या मजल्यावर सोयीचा राहत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जीविताचा होतो.

आता दुसरी बाब, संबंधाची. किराणा दुकानदाराकडे आपण दर महिन्याला जातो. त्याने वजनात मारले तर पुढच्या महिन्यात दुकान बदलतो. खिडक्या मात्र मध्यमवर्गीय कुटुंब वीस-पंचवीस वर्षांतून एकदा बदलते. विक्रेत्याच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक परत येणारच नसते. एका बाजूला आयुष्यात एकदा खरेदी करणारा आणि दुसऱ्या बाजूला रोज विक्री करणारा, असा हा विषम सामना आहे.

अशा बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवून दिले. २००१ साली त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला वेगळा ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगला माल देणाऱ्याला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून उठतो, आणि वाईट मालाचा हिस्सा वाढत जातो. तीन दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत खालचे स्वीकारणारा ग्राहक स्वतःला चतुर समजतो. पण तिन्ही दरपत्रके एकाच वस्तूची आहेत की नाहीत, हे त्याने पाहिलेलेच नसते. जाड पट्टी वापरणारा कारागीर या स्पर्धेत हरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तोही पातळ पट्टी धरतो. फसवणुकीला अशा रीतीने आपलाही हातभार लागतो.

हा हातभार करचुकवेगिरीत अधिक स्पष्ट दिसतो. मानू या, शंभर चौरस फूट खिडक्यांचे काम चौरस फुटाला ६०० रुपये दराने ठरले. रक्कम झाली ६०,००० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे १०,८०० रुपये. ‘बिल नको असेल तर एवढे वाचतील,’ असे सुचवले जाते आणि सुशिक्षित कुटुंबही मान डोलावते. पण त्या १०,८०० रुपयांत आपण कराबरोबर आपला पुरावाही विकून टाकतो. मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद राहते, हे खरे; मात्र पैसे कोणत्या मालासाठी आणि कोणत्या अटींवर दिले, हे ती नोंद सांगत नाही. शिवाय वाचलेला पैसा मोजमापात परत जाऊ शकतो. ३ फूट ८ इंच रुंद आणि ४ फूट २ इंच उंच खिडकीचे खरे क्षेत्रफळ सुमारे सव्वापंधरा चौरस फूट भरते. प्रत्येक बाजू पुढच्या अर्ध्या फुटापर्यंत वाढवून मोजली, तर तेच १८ चौरस फूट होते. वाढ जवळजवळ अठरा टक्क्यांची! सरकारला न दिलेला कर असा भलत्याच खिशात जमा होतो.

कायदा काय करतो, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला आहे. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नव्या सदनिकेतील बांधकामाच्या दोषांबाबत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकासकावर ताबा दिल्यापासून पाच वर्षांची जबाबदारी टाकली आहे. परंतु जुन्या घरात स्वतः बसवून घेतलेल्या खिडकीला ते छत्र लाभत नाही. विजेचे काम करणाऱ्या ठेकेदाराला शासनाचा परवाना लागतो. खिडकी बसवणाऱ्याला तसा परवाना नाही. आणखी एक गुंता असा, की पट्ट्या बनवणारी कंपनी एक, त्या कापून चौकट जोडणारा दुसरा आणि ती भिंतीत बसवणारा तिसरा असू शकतो. कंपनीच्या नावाचे हमीपत्र पट्टीपुरते असते. गळती मात्र बसवण्यातील दोषाने होते.

इंग्लंडमध्ये दुहेरी काचांच्या खिडक्या दारोदार विकणारा विक्रेता एके काळी चेष्टेचा विषय झाला होता. तेथे आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००२ पासून खिडक्या बदलण्याचे काम इमारत-नियमांच्या कक्षेत आणले गेले, आणि त्याच वर्षी ‘फेन्सा’ ही नोंदणी-योजना सुरू झाली. नोंदलेल्या व्यावसायिकाने कामाचे प्रमाणपत्र द्यावयाचे, हमीला विम्याचे पाठबळ ठेवावयाचे, म्हणजे धंदा बंद पडला तरी हमी बुडत नाही. पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील ते प्रमाणपत्र मागतो. नोंदणीने सारेच कारागीर निष्णात होतात असे नव्हे. पण ग्राहकाला तपासता येईल असा काही आधार तेथे उपलब्ध होतो.

आपल्याकडे अशी नोंदणी व्हावी, ही मागणी रास्तच आहे. तथापि तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्राजवळ एक जुने साधन आहे: सहकार. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून धान्य आणि गृहोपयोगी वस्तू एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. तेच सूत्र खिडक्यांना का लागू करू नये? चाळीस सदनिकांच्या संस्थेत चाळीस कुटुंबे चाळीस वेगवेगळ्या वेळी चाळीस जणांकडे जातात, म्हणून प्रत्येक जण एकटा पडतो. इमारतीचे बाह्य रूप एकसारखे राहावे म्हणून संस्थेची परवानगी एरवीही घ्यावीच लागते. त्याच वेळी सर्वसाधारण सभेने पट्टीची जाडी, काच, आतील पोलाद, स्क्रू आणि पाण्याचा निचरा यांचे एकच लेखी परिमाण ठरवावे आणि सर्व दरपत्रके त्याच परिमाणावर मागवावीत. पट्टीचा कापलेला तुकडा कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतो. त्याला तज्ज्ञ लागत नाही.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. प्रथम पश्चिमेकडील दोनच सदनिकांचे काम द्यावे आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. उरलेल्या अडतीस घरांचे काम त्या दोन घरांवर अवलंबून आहे, हे कळल्यावर कारागिराचे हित आणि आपले हित एकत्र येते. आळीतल्या सुताराच्या बाबतीत जे आपोआप घडत होते, ते आता योजून घडवायचे, एवढाच फरक. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत: काही मागणीच्या वेळी, काही माल आल्यावर तो मोजून, काही बसवल्यावर आणि शेवटचे दहा टक्के पावसाळा उलटल्यावर. सार्वजनिक बांधकामात ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोष दायित्वाचा कालावधी संपेपर्यंत सरकार अडकवून ठेवते. सारी यंत्रणा दिमतीला असलेले सरकार जी सावधगिरी बाळगते, ती पगारदार लिपिकाने बाळगली तर तो अविश्वास कसा म्हणावा?

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी हवा. लहान कारखानदार धातू रोखीने आणतो. धातूचे भाव जागतिक बाजाराबरोबर हलतात. काम झाल्यावर क्षुल्लक खुसपट काढून शेवटचा हप्ता बुडवणारे ग्राहकही थोडे नाहीत. तो मोठी आगाऊ रक्कम मागतो, त्यामागे ही भीतीही असते. म्हणून ते दहा टक्के ग्राहकाच्या खिशात न राहता संस्थेच्या खात्यात जमा असावेत, आणि ते केव्हा सुटतील याचा निकष आधीच लिहिलेला असावा. उदाहरणार्थ, पावसाळ्यात चौकटीतून आत पाणी आले नाही, एवढे पुरे. अशा अटींवर कारागिराने दर थोडा चढा सांगितला, तर तो आनंदाने द्यावा. ती हमीची रास्त किंमत आहे.

ज्या समाजात प्रत्येक जण ओळखीच्या माणसाच्या ओळखीने काम उरकतो, तेथे ओळख नसलेल्याची फसवणूक ठरलेली असते, आणि ओळख नसलेला चांगला कारागीरही उपाशी राहतो. लेखी परिमाण, पक्के बिल आणि राखून ठेवलेली रक्कम यांनी दोघांचेही रक्षण होते. तेव्हा ‘खात्रीचा माणूस कोण?’ हे विचारण्याआधी आपण कोणत्या अटींवर काम देत आहोत, हे संस्थेच्या पुढील सभेत ठरवावे. पावसाळा दरवर्षी येतो. त्याच्यापुढे कोणाचीही शिफारस चालत नाही.