व्यवसायवाचक ग्रीक आडनावे: वंशाचा पुरावा की बाजाराचा दस्तऐवज?

आडनाव म्हणजे वंशाचा पुरावा, असे गृहीत आडनावांच्या अभ्यासात पुष्कळदा धरले जाते. व्यवसायवाचक ग्रीक आडनावे या गृहीताला छेद देतात. 'राप्तिस' आणि 'तेर्झिस' या दोन्ही आडनावांचा अर्थ एकच, शिंपी. पहिले प्राचीन ग्रीक धातूपासून सिद्ध झालेले आहे. दुसरे तुर्कीतून आलेले असून त्याचे मूळ फारसीत, म्हणजे आपल्याला परिचित असलेल्या 'दर्जी' या शब्दात आहे. एवढ्यावरून तेर्झिस कुळाचा मूळपुरुष तुर्क ठरविणे सर्वस्वी चुकीचे होईल. तो ज्या बाजारात बसे, तेथे त्याच्या धंद्याला कोणत्या भाषेत हाक मारली जाई, एवढेच ते आडनाव सांगते.

कादंबरीकार निकोस कझान्तझाकिस (१८८३–१९५७) यांचे आडनाव या दृष्टीने उद्बोधक आहे. 'कझान' म्हणजे मोठी कढई. तिला जोडलेला तुर्की कर्तृवाचक प्रत्यय मराठीतील 'मशालची', 'तोफची' यांतही आढळतो. अखेरचा 'आकिस' हा ग्रीक लघुत्वदर्शक प्रत्यय क्रीट बेटाची ओळख पटवितो. धंदा, राजसत्ता आणि प्रदेश या तिन्हींची साक्ष एकाच शब्दात सामावली आहे. 'पापादोपुलोस' म्हणजे धर्मोपदेशकाचा पुत्र. विवाहित पुरुषास धर्मोपदेशक होण्याची मुभा देणारी ऑर्थोडॉक्स परंपरा ध्यानी घेतल्याखेरीज या आडनावाची विपुलता उलगडत नाही.

स्वातंत्र्योत्तर ग्रीसमध्ये भाषाशुद्धीचा आग्रह प्रबळ झाला. 'काथारेवुसा' ही संस्कारित भाषा १९७६ पर्यंत राज्यव्यवहारात टिकली. तिने अनेक तुर्की शब्द लेखनातून हद्दपार केले. तेर्झिस आणि कझान्तझाकिस मात्र राहिले. कोश शासनाच्या हाती असतो, आडनाव घराच्या हाती.

मराठीच्या अभ्यासकाला हे चित्र अनोळखी नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तरी फारसी 'नवीस'चा अवशेष मिरविणारी फडणीस, चिटणीस, पोतनीस ही पदनामे आडनावे होऊन टिकलीच. अशा नावांतील परकीय अंश कलंक मानून झाकणे, किंवा त्यावरून कुळाचे मूळ ठरविणे, हे दोन्ही मार्ग संशोधनाला घातक आहेत. आडनाव रक्ताविषयी फार थोडे सांगते. माणसे कोणाशी व्यवहार करीत जगली, याविषयी मात्र ते पुष्कळ सांगते, आणि अभ्यासाचा खरा विषय तोच असावयास हवा.