खेळाचे नियम कोणासाठी?

लुडोची गोटी घरातून काढायला सहाच पडायला हवेत, की एक पडला तरी चालतो? लागोपाठ तीनदा सहा आले तर डाव बाद, की पुन्हा टाकायचं? यावरून वाद झाला नाही असं घर सापडणं कठीण. माहेरी दिंडोरीत एक नियम, सासरी मालेगावात दुसरा. दोन्हीकडचे म्हणणार, "आमच्याकडे असंच खेळतात." आणि दोघांचंही बरोबर असतं. घरचे नियम म्हणतात ते हेच.

सुट्टीत शहरातून येणारी भाचेमंडळी हल्ली एक वेगळाच खेळ सोबत आणतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा एक फासा. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सुरू करतो : काफिला वणीच्या वाटेला लागलाय, कादवेला पूर आलाय, पलीकडे मशाली दिसतायत, आता काय करणार? कोणी हकीम झालेलं असतं, कोणी तिरंदाज. आपलं पात्र काय करील ते प्रत्येकाने सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 साली आला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला.

आपल्या नाना-नानींना हे फार परकं वाटू नये. अमीर हमजाची दास्तान सांगणारा दास्तानगोही ऐकणाऱ्यांचा रंग पाहून प्रसंग लांबवत असे. त्या दास्तानीतल्या अमर अय्यारच्या झंबीलमध्ये वाटेल ते मावतं. या खेळातही तशी जादूची पिशवी आहे, पण तिला 500 पौंडांची, म्हणजे सुमारे 227 किलोंची मर्यादा आहे. गोष्टीत थैलीला तळ नसला तरी चालतं. खेळात सगळेच भागीदार असतात, म्हणून मर्यादा लागते.

या मर्यादाही घरोघरी बदलतात. 2014 च्या नियमपुस्तकात जखमेवरचं औषध प्यायलं की खेळाडूची त्या खेपेची मुख्य कृती खर्च व्हायची. अनेकांनी आपापल्या घरी ठरवलं, औषध पिऊन वर तलवारही चालवता येईल. 2024 च्या नव्या पुस्तकात नियमच तसा झाला. म्हणजे घरचा नियम ही लबाडी नव्हे. तो सर्वांना आधी सांगितलेला असला म्हणजे झालं.

खरी कसोटी सूत्रधाराची. एक जण फासा सगळ्यांसमोर टाकतो. पडला तो आकडा मान्य. दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकतो आणि धाकटीचं पात्र मरायला आलं की आकडा हळूच बदलून सांगतो. तिसऱ्याची गोष्ट आधीच ठरलेली असते. मुलं काहीही म्हणोत, तो त्यांना त्याच दारापाशी नेऊन उभं करतो. दुसऱ्याचा हेतू मायेचा असतो खरा. पण आपल्याला जिंकवलं गेलं हे धाकटीला कळलं, की जिंकण्याची चवच जाते. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगावं, "बारा वर्षांखालच्यांचं पात्र मरणार नाही, फक्त बेशुद्ध पडेल." माया तीच, पण उघड.

पैज नसली तरी फासे नकोत, असं मानणारी घरं आहेत. तिथे 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या वाडग्यात ठेवाव्यात. उचलायची, वाचायची, परत टाकायची. शक्यता तीच राहते, आणि गावात वीस बाजूंचा फासा शोधत फिरावंही लागत नाही.

बसण्याआधी दहा मिनिटं चार गोष्टी ठरवाव्यात. खेळ किती वाजता थांबणार. कोणते भीतीचे प्रसंग नकोत. अडलं तर शेवटचा शब्द कोणाचा. आणि नियम बदलायचा झाला तर कधी. याचं उत्तर एकच : डाव संपल्यावर. भीतीसाठी एक सोपा उपाय जगभर वापरतात. मधोमध एक कार्ड ठेवायचं. कोणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

सूत्रधार बहुधा मामू किंवा मोठी आपा असते. हरायला आल्यावर मामूंनी नियम फिरवला, तर मुलं तोंडावर काही बोलणार नाहीत. पण नियम लहानांसाठी असतात, मोठ्यांसाठी नाहीत, हे मात्र शिकतील. आणि पुढे वाटणीच्या, व्यवहाराच्या वेळी तेच वापरतील. उलट मामू म्हणाले, "नियम माझाच आहे, म्हणून मलाही लागू," आणि हसत हरले, तर इन्साफ म्हणजे काय हे त्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.