चार तारांचा व्यवहार

उरुसाच्या दिवसांत आमच्या खुलताबादला झोप लवकर येत नाही. हजरत जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात रात्री कव्वाली रंगते आणि आम्ही गच्चीवर पडून ती ऐकतो. ‘ऐकतो’ हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यावा. आमचे घर पडले लांब. गायकाचे शब्द मधल्या भिंती गिळून टाकतात आणि पेटीचे सूर वाऱ्याच्या मर्जीवर येतात-जातात. अखंड पोहोचतो तो फक्त ढोलकाच्या डाव्या पुडीचा घुमारा. लहानपणी मला वाटे, कव्वाली म्हणजे एवढेच, अंधारातून येणारे ते धम् धम्. पुढे विज्ञान शाखेच्या एका मित्राने समजावले की खर्जातल्या आवाजाची लाट लांब असते, ती भिंतीला, कोपऱ्याला वळसा घालून पुढे जाते. मी पडलो कला शाखेचा, त्यामुळे लाटेचे गणित त्याच्याकडेच ठेवले. पण त्या घुमाऱ्याने माझ्यावर जी करणी केली तिचा परिणाम म्हणजे आज मी हा लेख लिहीत आहे.

परगावचा माणूस आमचे गाव थडग्यांमुळे ओळखतो. संगीताचे नाव काढताच कोणीतरी ती दंतकथा सांगतोच: दरबारातून निरोप मिळालेल्या गवय्यांनी संगीताची तिरडी काढली, तेव्हा औरंगजेब म्हणाला म्हणे, खोल पुरा, पुन्हा आवाज येता कामा नये. खरे-खोटे इतिहासाच्या प्राध्यापकांनी पाहावे. गंमत एवढीच की १७०७ साली वारलेला तो बादशहा शेवटी ज्या गावात येऊन निजला, तेथे त्याच्या आधी पावणेचारशे वर्षे, १३३७ साली, शेख बुऱ्हानुद्दीन गरीब निजले होते, आणि ते तर समाचे, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलीचे, मोठे शौकीन. आणि संगीत खोल पुरले तर वर काय ऐकू येईल? माझ्या मते खर्जच.

तर, मी बेस गिटार घेतली. घरी आणली तेव्हा आजीने विचारले, “याला काय म्हणत्यात?” मी म्हणालो, “बेस.” आजी म्हणाली, “बेस हाय, पण नाव काय?” हा संवाद आमच्याकडे अजून पाहुण्यांना ऐकवला जातो.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चार, ई, ए, डी, जी अशा लावलेल्या. गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये काढलेल्या प्रिसिजन बेसपासून हे वाद्य जगभर पसरले. त्याआधी हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस करीत असे. मुंबईच्या सिनेसंगीतात ही खालची बाजू सांभाळणारे कितीतरी वादक होते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ हे त्यांपैकी एक. आपण ती गाणी गुणगुणतो, गायकाचे नाव सांगतो, गीतकाराचेही सांगतो. बेस कोणी वाजवला हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले असेल? बेसवाल्याचे हे भागधेयच आहे. तो वाजवीत असतो तोवर तो कोणाच्या लक्षात येत नाही.

हे मला गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात कळले. गाणे ऐन रंगात असताना माझ्या गिटारची केबल निसटली. श्रोत्यांत कोणाला काही समजले नाही, पण गाणारी मुलगी झटकन मागे वळली. पायाखालची सतरंजी कोणी ओढावी तसा तिचा चेहरा झाला होता. मी केबल खोचली, ती पुढे वळली. या वाद्याचे याहून मोठे कौतुक माझ्या वाट्याला आलेले नाही.

वाजवण्याच्या तंत्रावर पानेच्या पाने लिहिता येतील, पण ती वाचणार कोण? एकच सांगतो. नवखा माणूस समजतो, तार छेडली की काम झाले. उजव्या हाताची दोन बोटे आलटून पालटून चालवणे महिन्याभरात जमते. खरे काम आहे तार थांबवण्याचे. जाड तार एकदा घुमू लागली की घुमतच राहते आणि पुढच्या सुरात चिखल होतो. सूर कोठे संपवायचा हे डाव्या हाताने ठरवायचे. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा वळवणारा तबलजी हेच करतो. आमच्याकडे भजनात पखवाज वाजवणारे एक आजोबा डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापतात, आवाज चढा वाटला तर आणखी थोडी थापतात, भजन संपल्यावर सगळी खरवडून टाकतात. चार तारा, दांडीतली लोखंडी सळई, अँप्लिफायरची सात बटणे यांनी मी जे साधू पाहतो ते ते मूठभर कणकेत साधतात. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो. त्यांनीही माझी गिटार एकदा हातात घेऊन पाहिली आणि “वजनाला चांगली आहे” असा अभिप्राय दिला.

आता मुद्द्यावर येतो. मला लिहायचे आहे ते वाद्य विकण्याविषयी.

माझी गिटार मी जुनी घेतली. शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणारे गृहस्थ ती विकत होते. कारण त्यांनी सरळ सांगितले. त्यांच्या मालकाने कीबोर्डवाल्याला विचारले, “डाव्या हाताने बेस वाजवशील का?” तो हो म्हणाला आणि एका माणसाचे मानधन वाचले. लग्नाच्या मांडवात आज असे पुष्कळ ठिकाणी दिसते. सहा हजार रुपये ठरले. मी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मोजले. त्यांनी गिटार अँप्लिफायरला लावून चांगली मोठ्याने वाजवून दाखवली. छाती हादरली आणि माझी अक्कलही हादरून खाली पडली असावी.

दोन महिन्यांनी उमगले की दांडीला पीळ आहे. चार तारा मिळून दांडीवर सुमारे ७० ते ८० किलोंचा ताण टाकतात, रात्रंदिवस. दांडी नुसती वाकली असेल तर आतली सळई चावीने पिळून ती सरळ करता येते. पण लाकूड दोरासारखे पिळवटले तर सळईचा इलाज चालत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, येथे तर सुंभ शाबूत होते. पीळ असला की एका बाजूची तार पडद्यांवर आपटून झणझणते. हे झणझणणे लपवायचे असेल तर तारा वर उचलून ठेवायच्या, की आवाज स्वच्छ येतो. मात्र वाजवणाऱ्याच्या बोटांचे सालटे निघते. माझ्या गिटारच्या तारा अशाच उंच होत्या. मला वाटले होते, बोटे दुखतात ती मी नवशिका म्हणून.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, असे लिहिले तर शोभून दिसेल. पण मी देतो. त्यांची अडचण खरी होती आणि त्यांनी मला फसवले हेही तितकेच खरे. दुरुस्ती करणाऱ्याने पडदे उपटून दांडी रंधायचा जो खर्च सांगितला तो जवळजवळ खरेदीइतका होता. मी तशीच वाजवली, तीन वर्षे.

यंदा माझे शेवटचे वर्ष. पुढे बी.एड.ला जायचे आहे, फीचे पाहायचे आहे, वसतिगृहाच्या खोलीत अँप्लिफायर घुमवून तिघांचे शाप घ्यायचे नाहीत. म्हणून मी गिटार विकायला काढली आणि एकाच आठवड्यात दोन परस्परविरुद्ध उपदेश पदरात पडले.

पहिला एका आदरणीय सरांचा. वाद्य विकू नये. आपण खंडेनवमीला त्याची पूजा करतो, ती काय बाजारात मांडायची वस्तू आहे? सरांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याच दिवाणखान्यात एक तंबोरा वर्षानुवर्षे खुंटीला आहे. त्याची जवारी केव्हाच गेली आहे. न वाजवलेले वाद्य आहे तसे राहत नाही. तारा गंजतात, पुडी सैल पडते, पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मिरजेचे कारागीर घोडीची जवारी पुन्हा घासून जुन्या तंबोऱ्याला बोलते करतात (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले), पण त्यासाठी तंबोरा खुंटीवरून काढावा तर लागेल! वर्षातून एक दिवस हळदकुंकू आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस धूळ, याला मी पूजा म्हणायला तयार नाही. ज्याला वाजवायचे आहे त्याच्या हाती ते जावे. त्याने पैसे द्यावेत, तेही योग्यच. फुकट मिळालेल्या वाद्यावर माणूस रियाज करीत नाही, असा माझा अनुभव आहे.

नको म्हणून विकलेल्या वाद्याचे पुढे काय होईल हे विकणाऱ्याला कळत नसते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाचे एक लहान यंत्र काढले. एकट्या गिटारवाल्याला सोबत म्हणून बेस वाजवून देणारे. म्हणजे ज्या कीबोर्डाने आमच्या ऑर्केस्ट्रावाल्याची जागा घेतली त्याचे थोरले भावंडच. बेस गिटारसारखा आवाज त्यातून काही निघाला नाही, खप झाला नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. यंत्रे जुन्या मालाच्या दुकानांत कवडीमोलाने आली. शिकागोतल्या पोरांनी ती उचलली, बटणे वाटेल तशी पिळली आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक नवाच प्रकार जन्मला. फ्युचर या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ची. आणि त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईत बसून याच यंत्राच्या साथीने दहा राग ध्वनिमुद्रित केले होते! ती तबकडी त्या वेळी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झाले. २०१५ मध्ये सिंग वारले, पण तोवर परदेशांतल्या श्रोत्यांपुढे ते राग वाजवून आले होते. तेव्हा टाकाऊ काय हे आपण ठरवू नये.

दुसरा उपदेश मित्रांचा, आणि तो अधिक मोहक. “तारा उंचच ठेव. मोठ्याने वाजवून दाखव. साडेपाच हजार कोठे गेले नाहीत.” एकाने तर, “तुला तशीच मिळाली, तूही तशीच दे, हिशेब मिटला,” असे तर्कशास्त्रही मांडले. मी कबूल करतो, हा तर्क मला दोन रात्री पटला होता. सहा हजार मी घाम गाळून दिले होते. फसवणुकीचे नाणे खोटे असले तरी चालते आहे, मग ते माझ्याच हातात का अडकावे?

गिऱ्हाईक आले ते कन्नडहून, मामाला घेऊन. अकरावीचा मुलगा. मी काही बोलण्याआधीच त्याने गिटार मांडीवर घेतली, जाड तार छेडली आणि डोळे मिटले. गच्चीवरच्या माझी मला आठवण झाली. तरीही सांगतो, माझे तोंड चटकन उघडले नाही. मामा व्यवहारी होते. “काही खोड-बिड?” त्यांनी विचारले.

मी गिटार उचलली आणि सुतार फळी पाहतो तशी, एक डोळा मिटून, बुडाकडून दांडीवरून नजर टाकायला त्यांना शिकवले. वरची पट्टी आणि शेवटचा पडदा समांतर दिसत नाहीत, हाच तो पीळ. तारा खाली आणल्या की कोठे झणझणते तेही वाजवून दाखवले. मामांनी लगेच “तीन हजार” म्हटले. मुलगा म्हणाला, “दादा, या झणझणीतसुद्धा वाजवता येतं ना?” मी म्हटले, मी तीन वर्षे वाजवलेच की. मधल्या पडद्यांवर त्रास नाही. खालच्या सुरांना बोट पडद्याच्या अगदी मागे दाबायचे. साध्या गिटारच्या लहान अँप्लिफायरला लावून आवाज चढवू नकोस, स्पीकरचा पडदा फाटेल. आणि तार थांबवायला शीक. बत्तीसशेला सौदा ठरला. केबल मी वर दिली. तीच निसटणारी केबल, आणि तेही सांगून.

मित्रांच्या मते मी तेवीसशे रुपयांना खड्ड्यात गेलो. हिशेब त्यांचा बिनचूक आहे. घेणाऱ्यांना मात्र एवढेच सुचवतो की मोठ्या आवाजात दाखवलेले वाद्य हळू वाजवून पाहा, अँप्लिफायरविना पाहा आणि दांडीवरून एक नजर टाका. विकणाऱ्याने खोड सांगितली तर किंमत जरूर पाडा, पण फार पाडू नका, नाहीतर पुढच्या खेपेला तो सांगणार नाही.

त्यांना मी एस.टी. स्थानकावर सोडायला गेलो. जुन्या सतरंजीच्या खोळीत गुंडाळलेली गिटार मुलाने उभी धरली होती, ती त्याच्या खांद्याच्या वर जात होती. कंडक्टरने वाकून विचारले, “हे काय आहे? याचं लगेज लागेल.” मुलगा म्हणाला, “बेस आहे.” कंडक्टर म्हणाला, “बेस असो नाहीतर वाईट असो, लगेज लागेल.” मामांनी कुरकुरत पैसे काढले.