पानसरेंवरचा निबंध

शिक्षक मित्रांनो, पालकहो, गोविंद पानसरे यांच्यावरचे मुलांचे निबंध जरा वाचून बघा. सुरुवात ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकापासून, शेवट फेब्रुवारी २०१५ मधल्या गोळीबारावर. मधलं आयुष्य गायबच!

नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचा हा गरीब घरातला मुलगा शिकायला कोल्हापुरात आला. पेपर विकले, नगरपालिकेत शिपायाची नोकरी केली, मग प्राथमिक शिक्षक झाले. म्हणजे आपल्यातलेच की! पुढे वकील होऊन कामगारांचे खटले लढवले, मोलकरणींची, फेरीवाल्यांची संघटना बांधली.

निबंधासोबत मुलांना एक प्रश्न द्या: आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी मिळते का? घरी विचारून लिहायचं. पालकांना टोचेल. टोचू दे.